जाळं ज्याचं, काडी त्याची

बारा जुलै, दुपारी साडेचार. दंड दोन हजार रुपये. हजर: आमच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष नामदेवआबा, पाच पंच, चिटणीस म्हणून मी, आणि जिला दंड झाला ती पार्वती, आबांच्या मयत धाकट्या भावाची बायको. जागा उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ, इंदापूर तालुका. मासेमारी बंदीचे दिवस.

ही नोंद माझ्याच हातची आहे. आबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मी आधी हीच नोंद सांगतो. चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटं सांगत नाहीत.

काठावर वाळत घातलेलं कुणाचंही जाळं दिसलं की आबा त्याच्या आसात, म्हणजे भोकात, दोन बोटं घालायचे. बोटं सैल गेली तर काही न बोलता पुढं. अडकली तर जाळं जप्त, आणि सगळ्यांदेखत काठावरच जाळायचं. ते जाळायचंही मालकानंच. आबा खिशातली काडेपेटी पुढं करत आणि म्हणत, "जाळं ज्याचं, काडी त्याची." नायलॉन नीट जळत नाही, वितळून त्याचा काळा गोळा होतो. तो गार झाला की आबा मालकाच्या हातात ठेवायचे. "घरी न्या. पोरांस्नी दावा, बापानं काय कमावलं ते."

एकदा एका गड्याच्या पाटीत रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सापडली. आम्हीच दोन महिन्यांपूर्वी सोडलेलं बीज. आबांनी ती पाटी वाळूत पालथी केली आणि त्याला मोजायला बसवलं, मोठ्यानं. तीनशे बारा भरली. तो उठायला लागला तर आबा म्हणाले, "बस की पाव्हणं. आता हरएक मासा वरीसभरानं किती भरला असता त्ये सांगा. आमचं चिटणीस बेरीज करत्यात." मी बेरीज केली. तो गडी रडत होता आणि मी हातचे धरत होतो.

याचा उपयोग झाला नाही असं नाही. आबा अध्यक्ष झाले त्या साली एका होडीला दिवसाकाठी सरासरी चार किलो मासळी मिळत होती. पाचव्या साली अकरा किलो. बेचाळीस परवाने, त्यावर एकही वाढवला नाही. आषाढ-श्रावणात होड्या काठावर उलट्या. "पोटुशी मासळी चालली तर वाट द्यायची," हे त्यांचं वाक्य बावड्याच्या बाजारातही लोक म्हणत.

पण माझ्या वहीत दुसराही एक आकडा होता. शंभर किलोत चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा, पूर्वी वीस किलो असायची, ती वाढत वाढत पंचावन्नवर आली होती. चिलापी आपली पिल्लं तोंडात सांभाळते आणि दुसऱ्यांची अंडी खाते. आमच्या मोठ्या आसातून लहान चिलापी सुखरूप सुटत होती, बंदीत निवांत वाढत होती. मी हे आबांना दाखवलं. त्यांनी वही नीट वाचली, मिटली आणि म्हणाले, "चिटणीस, नियमाला एक भोक पाडलं की समदी मासळी त्यातनंच जाती." मी पुन्हा विषय काढला नाही.

पार्वती बारीक आसाचं जाळं घेऊन थर्माकोलच्या तराफ्यावरून उथळ पाण्यात गेली होती. चिलापी तिथं चिखलात खड्डे करते. पंचांनी तिला धरून आणलं. मासळी मी तोलली: अकरा किलो. त्यातली साडेदहा चिलापी.

"आबा, चिलापी हाय समदी," ती म्हणाली. "हिला मारल्यानं कुणाचं काय जातंय? उलट बरंच की."

"बंदी हाय का न्हाय?"

"हाय."

"बोटं अडाकत्यात का न्हाय?"

"अडाकत्यात. घरात दोन पोरी हायत्या, आबा. तुमच्याच भावाच्या."

"पोरी माझ्या हायत्या. पाणी माझं न्हाय," आबा म्हणाले आणि काडेपेटी पुढं केली.

तिनं माझ्याकडं बघितलं. तराजू अजून माझ्या हातात होता. मी नोंद लिहायला खाली बघितलं. पहिल्या दोन काड्या वाऱ्यानं विझल्या. तिसरी आबांनी ओंजळीचा आडोसा धरला तेव्हा पेटली.

दंड तिनं चार हप्त्यांत भरला. दिवाळीनंतर पोरींना आईकडं ठेवून ती भावाच्या टोळीत ऊसतोडीला गेली. पुढच्याच सभेत आबांनी तिचा परवाना दुसऱ्याला दिला.

जानेवारीत मत्स्य खात्याचे एक साहेब आले. त्यांनी माझी वही चाळली आणि विचारलं, चिलापी तुम्ही सोडता कशाला? कुठल्याही आकाराची, कुठल्याही महिन्यात, बारीक जाळ्यानं काढा. सभेत ठराव आला तेव्हा पहिला हात आबांचा वर गेला. दुसरा ठरावही त्यांनीच मांडला: पार्वतीचा दंड परत, आणि जाळ्याची भरपाई चार हजार सहाशे.

ते पैसे घेऊन आबा आणि मी सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यावर गेलो. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांत ती भाकरी थापत होती. हातांवर उसाच्या पाल्याचे ओरखडे होते. आबा म्हणाले, "पारू, चुकी आमची झाली. दंड घे. हे जाळ्याचं."

तिनं हात धुतले, दंडाचे पैसे मोजून कनवटीला लावले. जाळ्याचे तसेच ठेवले.

"जाळं घिऊन बसू कुठं? माझी जागा दिली न्हवं तुमी?"

"जागा रिकामी ठिवता येत न्हाय. बेचाळीस म्हंजी बेचाळीस. कुणी सोडला तर पयला नंबर तुझा."

"व्हय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमी तोललं हुतं न्हवं त्या दिशी? किती हुती चिलापी?"

"साडेदहा."

"आन् ती वाईट हाय त्ये तवा ठाऊक हुतं?"

"होतं."

ती परत भाकरीकडं वळली. परतीच्या एसटीनं आम्ही बारामतीला आलो. स्टँडवर उतरताना आबा म्हणाले, "बेचाळीसाचं त्रेचाळीस केलं असतं, तर उद्या पन्नास मागायला आलं असतं."

अखेरचा हिशेब असा. दंडाचे दोन हजार पार्वतीला पोचले, पावतीवर तिचा अंगठा आहे. जाळ्याचे चार हजार सहाशे तिनं घेतले नाहीत. ते पुढच्या हंगामाच्या रोहू-कटल्याच्या बोटुकलीसाठी बीजवाल्या व्यापाऱ्याला दिले. सूचक नामदेवआबा, अनुमोदक मी.