आईची पाठ कोणी ऐकली नाही

मला स्टेजवर खाली बसायला सांगितलं. खुर्ची होती. रिकामी होती. मी तिच्याकडे वळलो तसं आमच्या संशोधन प्रकल्पाच्या मॅडम माइक बाजूला धरून म्हणाल्या, "खाली बस ना. ते लोक खालीच बसतात."

सभागृह हसलं नाही. गंभीर माणसं होती. जबलपुरात, सिविल लाइन्समधल्या एका हॉटेलात, आरोग्यसेवा आणि सामाजिक विषमता या विषयावर गार हवेत बसून चिंता करायला आली होती. मागे पडद्यावर एका म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा. असा चेहरा लावल्याशिवाय विषमतेची चर्चा सुरू होत नाही.

मी त्या प्रकल्पात नोकरीला होतो. शहराबाहेर बरगीकडच्या गावांत फिरायचं आणि लोकांना विचारायचं: दवाखान्यात गेलात तेव्हा बाहेर थांबवलं का, औषध हातात दिलं की वरून टाकलं, डॉक्टरने हात लावला का. मी समाजशास्त्रात एम.ए. आहे. माझी ओळख करून देताना मॅडमनी तेवढं गाळलं. "ये हमारी टीम का लड़का है, उसी समाज से आता है," म्हणाल्या. लड़क्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. आणि 'उसी' म्हणजे कुठल्या, ते कोणी विचारलं नाही. तेवढा अभ्यास सगळ्यांचा घरूनच झालेला असतो.

मॅडम पुण्याच्या. प्रकल्पासाठी इथे आलेल्या. आमच्या विदर्भातून इकडे आलेल्या वस्तीचं वऱ्हाडी-नागपुरी वळणाचं बोलणं ऐकलं की म्हणायच्या, "किती गोड!" मनाने चांगल्या. मनाने चांगल्या माणसांपासून स्वतःला वाचवणं फार कठीण.

कार्यक्रम असा होता. डॉक्टरांना जाणीव व्हावी म्हणून छोटं नाटक. आधी वाईट डॉक्टर, मग चांगला डॉक्टर. रोगी मी. डॉक्टर खराखुरा, शहरात स्वतःचं रुग्णालय असलेला, उमदा, तरुण. वाईट डॉक्टर त्याने फार सुंदर केला. तालीम लागलीच नाही. मान वर न करता विचारलं, "नाम?" मी नाव सांगितलं. "आगे?" मी आडनाव सांगितलं. मग तो खुर्ची जराशी मागे सरकवून बसला. हे संहितेत नव्हतं.

मग चांगला डॉक्टर. त्याने हसून मला खुर्चीवर बसवलं. दुखतं कुठे, विचारलं. आता त्याने जवळ यायचं, मनगट धरायचं, छाती तपासायची. त्याने स्टेथोस्कोप कानात घातला आणि जागेवरूनच, हात लांब करून, पुढची चकती माझ्यासमोर धरली. हवेत.

माझा हात उठला. मी ती चकती घेतली आणि स्वतःच्या छातीवर धरली.

टाळ्या पडल्या. कोणीतरी "वाह" म्हणालं. मला काही कळेना. आम्ही दोघं त्याआधी कधी भेटलो नव्हतो. तरी त्याला माहीत होतं कसं पुढे करायचं आणि मला माहीत होतं कसं घ्यायचं.

माझ्या हाताला हे कुठे शिकवलं होतं, ते सांगतो.

आई बिड्या वळायची. आमच्या वस्तीतली माणसं ज्या डॉक्टरकडे जायची त्याचा बंगला मोठा, दवाखाना बंगल्यातच. आम्ही मागच्या ओसरीवर. डॉक्टर दारात उभा राहायचा, नळी कानात घालायचा, चकती पुढे करायचा. रोग्याने ती घ्यायची, आपल्या छातीवर धरायची. मग कंपाउंडर ती स्पिरिटने पुसायचा. डॉक्टरकी अशीच असते असं मला वाटायचं. आईला तर त्याचा अभिमान होता. नव्या सुनांना ती शिकवायची, "डाव्या अंगाले धर, दाबून धर, अन् बोलू नको बाई. डॉक्टर ऐकून राहिला ना."

आईचं दुखणं पाठीत होतं. उजवीकडे, खाली. दर खेपेला ती सांगायची, पाठीत दुखते जी. दर खेपेला डॉक्टर छाती ऐकायचा. आई धरील तेवढी. छाती साफ निघायची. खोकल्याची बाटली मिळायची.

स्वतःच्या पाठीवर माणसाला चकती धरता येत नाही. आईने एकदा हात मागे पिरगळून पाहिला होता. कंपाउंडर हसला. आईही हसली. मोठ्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो निघाला तोवर फुप्फुसाचा तो भाग गेलेला होता. मग आई गेली. डॉक्टरने दुर्लक्ष केलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तो नेमाने ऐकत होता.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम ताट घेऊन माझ्याकडे आल्या. "ते नळी धरणं अफाट होतं. तुला सुचलं कसं?"

मी म्हटलं, सुचलं नाही. आणि का कोण जाणे, आईचं सगळं सांगून टाकलं. ओसरी, चकती, पाठ. मॅडमचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. त्यांनी ताट खाली ठेवलं, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "हे तू माइकवर सांगशील?"

मी गप्प राहिलो, तो त्यांना होकार वाटला. प्रकल्पाला पैसा देणारे पाहुणे दुपारी येणार होते. त्यांच्यासमोर नाटक पुन्हा करायचं, या वेळी चित्रीकरण होणार, पुढे ते सगळीकडे दाखवणार. हॉटेलच्या एका ड्रायव्हरचा गमछा मागून आणला होता. तो खांद्यावर टाकायचा. "आणि तुझी पुढची नेमणूक मी आजच त्यांच्याशी बोलून घेते," मॅडम म्हणाल्या. धमकी नव्हती ती. नुसतं प्रेम.

गमछा घेतला. खाली बसलो. नाम सांगितलं, आगेही सांगितलं. मग चांगला डॉक्टर आला, खुर्ची आली, आणि चकती पुन्हा हवेत माझ्यासमोर आली.

बोटं हलली. मी हात गुडघ्यांवर दाबून धरले.

तो थांबला. हसरा चेहरा तसाच ठेवून हळूच म्हणाला, "पकड़ो भैया."

मी उठलो. गमछा काढून खुर्चीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

"पीठ सुनिए, डॉक्टर साहब. पीठ पर मैं नहीं पकड़ सकता."

आता तो मला दिसत नव्हता. समोर सभागृह दिसत होतं. सकाळी भराभर टिपणं घेणारे हात थांबले होते. एक पाहुणे पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावत होते. मी वाट पाहत होतो. अंतर दोन पावलांचं. शर्टावरून लावली असती तरी चाललं असतं. नाटकच तर होतं. खोटं खोटं हात लावायचा होता.

पाठीला काही लागलं नाही.

मॅडमनी वेळ कमी असल्याचं सांगून चहा जाहीर केला.

नंतर बाहेर त्या मला म्हणाल्या, "तू त्यांना फार अडचणीत टाकलंस. अरे, ते आपल्या बाजूचे आहेत."

"मंग हात काहून नाही लावला?" मी विचारलं. माझं बोलणं त्या दिवशी त्यांना गोड वाटलं नाही.

नेमणूक झाली नाही. चित्रफीत सकाळच्या प्रयोगाची, कोणीतरी फोनवर टिपलेल्या, तयार झाली, म्हणे. त्यातला माझा हात पाहून लोक अजून हळहळतात. हळहळू देत.

मी बरगीकडे अजून जातो. बसने, सुट्टीच्या दिवशी. आता कोणाला प्रश्न विचारत नाही. ओसरीवर बसतो आणि दाखवतो. डॉक्टरने चकती पुढे केली की घ्यायची नाही. हात खाली. सरळ पाठ करून उभं राहायचं. मागच्या खेपेला एका म्हातारीने विचारलं, साहेब चिडून हाकलून देतील, मग? मी तिला आईचं सांगितलं. माइक नव्हता. ती उठली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, जमतं का बघायला.

जमतं.

चकती हवेत लटकत राहिली तर राहू दे. हात आम्ही उचलणार नाही. नळी ज्याच्या कानात आहे, त्याने चालत यावं.