कॉइल कुणाची

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. आईलाही नाही. आता सांगतोय, तर कुठून सुरू करावं तेच कळेना.

इरफानपासून करतो. तो कुरुंदवाडचा, माझ्याच वर्गातला. त्याच्या घरातून कॉलेजला आलेला तो पहिला, माझ्या घरातून मी. मला विद्यापीठाच्या हॉस्टेलवर जागा मिळाली, त्याची थोडक्यात हुकली. मग हॉस्टेलवर चालतं तसंच झालं – तो माझ्या खोलीत पॅरासाइट म्हणून राहिला. म्हणजे जागा माझ्या नावावर, आणि दोन कॉटांच्या मधे फरशीवर गादी त्याची. ती त्याच्या वडलांनीच भरलेली. त्यांचा तो धंदा. शेजारची पोरं चिडवायची, "काय पावणं, मुक्काम हलवायचा इचार हाय का न्हाय?" तो म्हणायचा, "मेसमध्ये चांगलं जेवण मिळालं की जातो."

थंडीत हॉस्टेलला गरम पाणी नसायचं. मंगळवार पेठेतून पाणी तापवायची कॉइल आणली – मी आणली. सापडली तर खोली जाते, हे मला ठाऊक होतं. प्लॅस्टिकच्या बादलीत लावू नकोस, असं इरफान बजावायचा. मी ऐकलं का?

त्या सकाळी दुसरा रूममेट गावी गेला होता. मी कॉइल लावली, तेवढ्यात आईचा फोन आला म्हणून गच्चीवर गेलो. बोलण्यात रमलो. उतरलो तर जिन्यात धूर. बादली वितळलेली, गादी पेटलेली, आणि अंघोळीहून आलेला इरफान ओल्या टॉवेलनं ती विझवत होता. त्याचा उजवा तळहात भाजला होता.

रेक्टर आले. कॉइल कुणाची, विचारलं.

"सर, ह्याची हाय," इरफान म्हणाला. "इचारा की त्याला."

ते माझ्याकडं वळले. काय आलं माझ्या मनात? खोली जाईल, शिक्षण सुटेल – हे आलंच. पण आणखी एक आलं, आणि तेच सांगायला जड जातंय. हा तर इथं राहतच नाही, असं आलं. ज्याचं इथं नावच नाही, त्याचं खरं मानणार कोण?

"माझी न्हाय सर. हा काल मुक्कामाला आलता. त्यानंच आणली."

दुपारच्या आत इरफानची बॅग गेटबाहेर होती.

नंतर तो कुरुंदवाडहून एसटीनं यायचा. सकाळची प्रॅक्टिकलं बुडायची. वर्गात लांबच्या बाकावर बसायचा, हाताला पट्टी. मी एकदा नोट्स पुढं केल्या – कुठल्या तोंडानं केल्या, देव जाणे. "राहू दे," एवढंच म्हणाला. परीक्षेच्या आधी तो यायचाच बंद झाला. वडलांबरोबर गाद्या भरतो, असं कानावर आलं. मी बघायला गेलो नाही. कुरुंदवाड काही लांब नाही.

मी आता एम.एस्सी.ला आहे, त्याच हॉस्टेलवर. नव्या पोरांना आगीपासून सावध करायचं काम रेक्टरांनी माझ्याकडंच दिलंय. कॉइलचा विषय निघाला की मी सांगतो, मागं बाहेरच्या एका पोरानं अशीच आग लावली होती. पोरं गुमान ऐकतात. मग मी पुढचा नियम सांगतो.