जबड्याचा दहावा

उंब्रजच्या नाथाजी हवालदारांचा खालचा जबडा उजव्या बाजूनं कापून काढला, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते आणि बाकी अगदी ठणठणीत होते. पलटणीत असल्यापासून गालात धरलेल्या तंबाखूनं दगा दिला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर हाडासकट काढला, दीड महिना नळीनं दूध पाजलं आणि निघताना बजावलं, "आता मऊ भात खायचा. चारचौघांत बसून खायचा. नुसत्या पेजेवर राहिलात तर गिळायची सवय जाईल. मग आमचाही इलाज नाही."

हवालदारांनी मान हलवली. पण घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला आमटीचा ओघळ ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर उतरला आणि समोर बसलेल्या चुलतभावानं नजर वळवली. तो हसला असता तर हवालदारांनी त्याला दोन शिव्या हाणल्या असत्या आणि विषय मिटला असता. नजर वळवली, ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पेज पिऊ लागले. अंगावरचा सदरा लोंबायला लागला. त्यांची बायको बनुबाई रोज मऊ भात शिजवायची आणि रोज तो म्हशीपुढे ठेवायची.

घरात दुसऱ्या कुणाचं याकडे लक्ष नव्हतं, कारण सगळं घर जबड्याच्या मागे होतं. थोरले भाऊ आकाराम यांनी दवाखान्यात हट्ट धरून स्पिरिटात ठेवलेला तो कापलेला तुकडा निघताना मागून घेतला होता आणि बिस्किटाच्या डब्यात घालून गावी आणला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मानूस एकदम जायला पायजे. अर्धा म्होरं गेला आन त्याचं काय केलंच न्हाई, तर मागनं जानाऱ्यानं कुटं हुडकायचं त्याला?"

गावाला ते पटलं. नदीकाठी पाच शेणी रचून जबड्याला अग्नी दिला. मग सुतकाचा घोळ सुरू झाला. ज्ञानू न्हाव्याच्या मते अडीच दिवस पुरे होते, कारण गेलेला ऐवज पावशेरसुद्धा नव्हता. आकारामांना पुरे दहा दिवस हवे होते, आणि त्यांनी स्वतःचं डोकं भादरूनही घेतलं. एका म्हातारीनं विचारलं, बनुबाईनं निदान दोन बांगड्या तरी उतरवायच्या का? बनुबाईनं तिला असं काही सुनावलं की म्हातारी आठवडाभर त्या आळीला फिरकली नाही.

दहाव्याला विष्णुपंत भटजींना बोलावलं. पंतांनी आधी पोथी चाळली, मग हवालदारांकडे पाहिलं, मग पुन्हा पोथी चाळली. "जबड्याचा विधी यात नाही," ते म्हणाले. "मी आपला नेहमीचाच सांगतो. फक्त 'प्रेत' शब्द आला की हवालदार, तुम्ही थोडे मागे सरका." त्या सकाळी हवालदार कृष्णेच्या वाळूत बरेच मागे सरकले.

दहाव्याला बायका घाटावर येत नाहीत. बनुबाई मात्र आली. ज्याचा दहावा तो बसलाय, तर मला कोण अडवतंय, असं तिचं म्हणणं. पिंड पानावर मांडले. बाभळीवर सात-आठ कावळे बसले होते. एकही खाली येईना.

"इच्छा ऱ्हायली असंल त्याची," ज्ञानू म्हणाला.

जबड्याची इच्छा काय असेल यावर मंडळींनी डोकी खाजवली. कुणी पिंडाला हात जोडून बोकड कबूल केला. कुणी तंबाखूची चिमूट ठेवली. कावळे ढिम्म. आकाराम गहिवरले, "बाबा, माजं काय चुकलं असंल तर सांग रं!" आणि हे ते सख्ख्या भावाकडे पाठ करून, भाताच्या गोळ्याला म्हणत होते.

हवालदार पाहत होते. जो तुकडा जळून गेला त्याला सारं गाव हात जोडून विचारत होतं, आणि उरलेला माणूस दोन महिने उपाशी होता. त्यांना राग आला. ऊन भाताचा वास नाकात शिरला तसा तो वाढतच गेला.

तेवढ्यात बनुबाई ओरडली, "आवं, गेलंय त्याला काय इचारताय? ऱ्हायल्यात त्येन्ला इचारा की कुनी तरी, भूक लागलीया का म्हून!"

हवालदार उठले. पुढे झाले आणि पानावरचा एक पिंड उचलून त्यांनी तोंडात घातला.

पंतांचा मंत्र अर्ध्यात तुटला. आकाराम किंचाळले, "नाथा! सोताचा पिंड खातुयास?"

"मग दुसऱ्या कुनी खायाचा व्हता?" बनुबाई म्हणाली.

भात ओठातून गळून छातीवर पडत होता. हवालदार तो बोटानं परत आत ढकलत होते, डाव्या दाढेखाली नेत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळा घाट बघत होता आणि ते सगळ्यांकडे बघत चावत होते. मग मान ताणून त्यांनी घास गिळला. घास खाली गेला. ते काहीतरी बोलले. बनुबाईशिवाय कुणालाच ते कळलं नाही.

"काय म्हनतुया?" आकारामांनी विचारलं.

"आळनी हाय म्हनत्यात." तिला हुंदका आवरेना. "थांबा, मीठ आनते!"

ती घाटाच्या पायऱ्या धावत चढली, रडतच. ती मीठ घेऊन परत येईपर्यंत हवालदारांनी दुसरा पिंड उचलला होता.