खिडकीखालचा कोपरा

नवरा खिडकीखालचा कोपरा टेपने मोजताना दिसला आणि शिंपिणीच्या मनात पाल चुकचुकली. दोन खोल्यांचं घर. त्या कोपऱ्यात तिची चिंध्यांची पेटी आणि तिच्यावर इस्त्री. काय मोजताय विचारलं, तर "सहज" म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस सहज काही करताना तिने पाहिला नव्हता.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हल्ली घरी उशिरा यायचा आणि कामाच्या नावावर खपवायचा. धुवायला घेताना त्याच्या शर्टाला करपट, कडवट वास यायचा. तो ग्रीसचा नक्कीच नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यात नणंद बोलता बोलता सांगून गेली, दादाने तिच्याकडची जुनी कढई नेली आणि वहिनीला कळू देऊ नकोस म्हणाला. हा धाकट्या भावाला घरात आणून वेगळी चूल मांडून देणार, अशी तिची खात्रीच झाली.

सुट्टीच्या दिवशी तो पिशवी काखेत दाबून आला. तिने ती ओढूनच घेतली. आत हाताने फिरवायची चक्की, कॉफी गाळायचा काचेचा कोन, ती कढई आणि भाजलेल्या कॉफीच्या बिया.

"हे सगळं तिथे ठेवायचंय?" तिने विचारलं.

खुर्चीवर बसून त्याने सगळं सांगून टाकलं. मागच्या वर्षी ताप येऊन गेला, तेव्हापासून त्याला कसलाच वास येत नव्हता. लिफ्टची मोटर जळायला लागली तर आधी वासच सांगतो, म्हणून कामावर त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग एका मित्राच्या घरी बिया भाजताना नाकात काहीतरी हललं. तेव्हापासून तो तिथे जाऊन भाजत, दळत, हुंगत बसायचा. आता मित्राच्या बायकोने पुरे म्हणून हात जोडले होते.

शिंपिणीला भाऊ येणार नाही याचं बरं वाटलं, पण ते क्षणभरच.

"मग वर्षभर मला भाजी छान झालीय म्हणत होतात ते?"

"अगं, छानच असणार ना."

दुसऱ्या दिवशी तिने पेटी पलंगाखाली ढकलली, इस्त्री कपाटावर चढवली आणि कोपऱ्यात एक स्टूल मांडून दिलं. कढईसाठी शेगडीचं एकच तोंड मिळेल, तेही तिचा स्वयंपाक आटोपल्यावर, असं बजावलं. तो खुशीत चक्की फिरवू लागला, आता वास येतो म्हणू लागला. पण तिचा विश्वास कुठे बसला होता? वास येत नाही म्हणणारा माणूस आता वास येतो म्हणत होता. खरं कोणतं धरायचं?

म्हणून एका सकाळी तिने भाजी मुद्दाम जरा तळाला लागू दिली आणि काहीच झालं नाही अशी पाठ करून उभी राहिली.

चक्की थांबली.

"खाली लागतंय गं," तो कोपऱ्यातून म्हणाला.

तिने गॅस बंद केला, पण वळून पाहिलं नाही. आपण हसतोय, हे त्याला इतक्यात कळू द्यायचं नव्हतं.