खुंटातून उठलेला साग

काल रानातल्या रस्त्यावर बाबांनी गाडी थांबवायला लावली. एका उंच सागाच्या बुडाशी वाकून त्यांनी काठीनं पाचोळा सारला. जुन्या तोडीची खूण दिसली. कधीकाळी त्यांनीच सरकारी ठेक्यात तोडलेला हा साग, उरलेल्या खुंटातून फुटून पुन्हा एवढा झाला होता.

बाकीचे ठेकेदार उभ्याउभ्या तोडून कमरेएवढे खुंट सोडायचे. बाबा मात्र मजुरांवर ओरडायचे, "खाली वाका रे! जमिनीलगत तोडा, म्हणजे चांगला फुटवा धरेल." मजूर कुरकुरले की स्वतःच गुडघे टेकून कुऱ्हाड घ्यायचे.

लोक मला झाडतोड्याची पोर म्हणत. म्हणोत बापडे. त्या तोडलेल्या झाडाच्या गार सावलीत मी उभी होते, आणि बाबा अजून बुडाशी वाकलेलेच होते.