तांब्यातली सरकी

हे आमच्या घरात कुणाला माहीत नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. गौतमला तर — गौतमला सांगायचं म्हणून मी कितीदा घरातून निघालो आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत आलो. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची ताकद आता राहिलेली नाही. खरं म्हणजे कधी नव्हतीच.

ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. पण ते सांगायला मला फार मागून यावं लागेल. थोडं सोसून घ्या.

आम्ही चौघं मित्र. किशोरचं नवीन जालन्यात बियाण्यांचं दुकान. गौतम शाळेत इतिहास शिकवायचा. मी बँकेत कारकून होतो. आणि अंकुश — अंकुशची नोकरी पंचायत समितीत होती, पण त्याला कुणी विचारलं की काय करता, तर तो आधी सांगायचा की मी एका सिनेमात काम केलंय. नोकरीचं नंतर. चौघांनाही सिनेमाचं वेड. तिघं निवृत्त झालो आणि रविवारची दुपार खायला उठली, तेव्हा किशोरच्या दुकानामागच्या गोदामात पोत्यांवर बसून आम्ही फेरनिकाल लावायला लागलो.

फेरनिकाल हा आमचा शब्द. जुनं एखादं वर्ष काढायचं. त्या वर्षी सिनेमाचे पुरस्कार कुणाकुणाला मिळाले ते बघायचं, देणाऱ्यांना यथेच्छ शिव्या घालायच्या, आणि मग ते पुरस्कार नव्यानं द्यायचे. आमच्या मते ज्याला मिळायला पाहिजे होते त्याला. ज्याला द्यायचा त्याला पत्ताही नसायचा. बरेचसे तर वर गेलेले. माझा पोरगा म्हणायचा, "पप्पा, तुमचा निकाल कळवायला माणूस कुठं पाठवून राह्यले?" हसा, आम्हीही हसायचो. पण एखाद्या म्हाताऱ्या नटीला तिचं हुकलेलं बक्षीस पोत्यावर बसून दिलं ना, की त्या रविवारी जेवण गोड लागायचं. जगात एक तरी गोष्ट आपण सरळ केली, असं काहीतरी वाटायचं.

मत द्यायची आमची एक पद्धत होती. प्रत्येकाला दोन दाणे मिळायचे — एक सोयाबीनचा, एक सरकीचा. किशोरच्या पितळी तांब्यावर टॉवेल टाकलेला असायचा. एकेकानं टॉवेलाखाली हात घालून एक दाणा आत सोडायचा आणि उरलेला खिशात टाकायचा, कुणाला दाखवायचा नाही. सोयाबीन म्हणजे हो. सरकी म्हणजे नाही. आणि एक जरी सरकी निघाली तर त्या वर्षी तो पुरस्कार कुणालाच नाही. हा नियम माझा होता. मीच म्हणालो होतो, बहुमतानं तर त्या लोकांनीही दिले होते, मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? आपण द्यायचा तो सगळ्यांच्या मनापासून. सगळ्यांना पटलं. माझं त्यांना नेहमी पटायचं. किशोर मला जज्जसाहेब म्हणायचा.

आता अंकुशच्या सिनेमाचं.

आम्ही दोघं जाफराबादचे, एका गल्लीतले. तरुणपणी आमच्याकडं एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं होतं. त्यांना हिरोच्या थोरल्या भावाच्या कामासाठी गावातलाच माणूस पाहिजे होता. त्यांनी मला निवडलं. हो, मला. अंकुश नुसता माझ्यासोबत बघायला आला होता. पण बँकेत मी नवीन, साहेब खडूस, रजा मागायची तर सिनेमात काम करतो म्हणून सांगायचं कसं? लोक काय म्हणतील? मी दिग्दर्शकाला सांगून टाकलं, मला जमायचं नाही, ह्याला घ्या. आणि अंकुशला पुढं ढकललं. त्यानं रजा मागितली नाही, काही नाही. सरळ दांडी मारली.

एकच सीन होता. धाकटा भाऊ गाव सोडून चाललाय, एसटीच्या खिडकीत बसलाय. थोरला खाली उभा. त्याला बोलायला एक वाक्य नव्हतं. गाडी सुरू होते, थोरला खिडकीच्या गजावरचा हात काढत नाही, गाडीसोबत चालायला लागतो, मग जरा पळतो, आणि मग हात सुटतो. हात सुटल्यावर तो हाताकडं बघतो. बस्स. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानं केलं. सिनेमा चालला नाही. बक्षीस कुणी दिलं नाही. पण टॉकीजमध्ये त्या सीनला बायका पदर डोळ्याला लावत होत्या, ते मी पाहिलंय. माझ्या शेजारी माझी आई बसली होती.

पुढं सगळा जन्म मी ही गोष्ट ऐकली. लग्नात, बारशात, एसटीत. आणि दर वेळी सांगून झाली की अंकुश माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "रोल तर याचा होता. यानं दिला म्हणून मी केला." मोठ्या मनानं म्हणायचा. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मी हसायचो. म्हणायचो, मला काय जमलं असतं ह्याच्यासारखं? — तुम्हाला कधी कुणाच्या चांगुलपणाचा राग आलाय? रोज थोडा थोडा, सांगता येत नाही असा?

तर अंकुशच्या सिनेमाचं ते वर्ष फेरनिकालात कधीतरी येणारच होतं. अंकुश स्वतःहून कधी बोलला नाही, पण वाट बघत होता. मध्येच त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. पोरगा नोकरीमुळे पुण्यात, बायकोचे गुडघे धरलेले; मग गौतमच त्याला स्कूटरवरून न्यायचा, तिथं तासन् तास बसायचा आणि परत आणून सोडायचा. मी नाही. मी फोन करायचो. एक दिवस किशोर म्हणाला, आता उशीर नको, येत्या रविवारी तेच वर्ष घेऊ, सहायक अभिनेता अंकुश. आणि त्यानं एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून स्टीलची एक ट्रॉफी करून घेतली. आमच्या एवढ्या निकालांत कुणालाच कधी हातात काही दिलं नव्हतं. ही पहिली. चांगली जड होती.

आमच्यात दुसरा नियम असा, की मत द्यायच्या आधी सिनेमा पुन्हा बघायचा. किशोरच्या पोरानं कुठून तरी तो शोधून लॅपटॉपवर लावून दिला. प्रिंट वाईट, आवाज फाटका. अंकुश खुर्चीत, अंगावर शाल. तो सीन आला. संपला. किशोर डोळे पुसत होता. गौतम म्हणाला, "काम एक नंबर झालं रे अंकुश. पण खरं सांगू का? ते पळणं थोडं लांबलं. चालण्यावरच हात सुटाया पायजे होता." गौतम असाच. मोठमोठ्या नटांना त्यानं सोडलं नव्हतं, मित्राला कसा सोडेल? अंकुशचा चेहरा जरासा उतरला. मी पुढं सरसावून बोललो. म्हणालो, एक इंच कमी नको आणि एक इंच जास्त नको, असं काम मराठीत झालेलं नाही. पुष्कळ बोललो. अंकुशनं माझा हात धरला.

मग ज्याचा निकाल त्यानं तांब्याला हात लावायचा नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदाच ठरवावं लागलं. त्यावर सगळे हसलो. म्हणजे मत देणारे तिघं. किशोरनं दाणा टाकला, गौतमनं टाकला, मी टाकला. ट्रॉफी पोत्यावर ठेवलेली. अंकुशनं शाल काढून सदऱ्याची बटणं नीट केली होती. किशोरनं तांब्या पेपरवर उपडा केला.

दोन सोयाबीन. एक सरकी.

किशोरनं तांब्या पुन्हा झटकून बघितला. मग अंकुश हसला, म्हणाला, "नियम म्हंजे नियम." आणि शाल पुन्हा अंगावर घेतली. किशोरनंच ही सगळी खटपट केलेली, त्याच्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. माझं भाषण तर आत्ताच झालं होतं. सगळ्यांची नजर आपोआप गौतमकडं गेली. गौतम म्हणाला, "मी सोयाबीन टाकली. आईची आण." मला कुणी विचारलंच नाही.

त्या क्षणी मी बोलू शकलो असतो. चुकून पडली, असं सुद्धा म्हणता आलं असतं. पण चुकून पडत नाही हो. सरकीला लव असते. डोळे मिटले तरी बोटाला कळते. मला कळली होती. मी दोन्ही दाणे बोटांत फिरवले, नीट ओळखले, आणि सरकी सोडली.

सरकी मी टाकली.

झालं. सांगितलं. मला वाटायचं, हे वाक्य बाहेर पडलं की हलकं वाटेल. नाही वाटत.

आणि ते काम आवडलं नाही म्हणून टाकली असती, तर सांगण्यासारखं काही नव्हतंच. ते माझं मत झालं असतं. मला ते काम आवडलं होतं. मी पाहिलेल्या कामांत इतकं चांगलं काम फार थोडं असेल. हात सुटतो तिथं मी मनात म्हणालो, हे मला कधीच सुचलं नसतं. पुढच्या पाच मिनिटांत मी तांब्यात हात घातला.

अंकुशनं गौतमच्या स्कूटरवर बसणं सोडलं. भांडला नाही. नुसता म्हणाला, तुला त्रास नको. त्याच्या पोरानं पुण्याहून फोन करून ऑटो लावून दिला. गौतम दोनदा घरी जाऊन आला, दोन्ही वेळा अंकुश झोपलाय असं सांगितलं गेलं. किशोर इकडं म्हणायला लागला, "बाहेरून किती बी गोड असले तरी यांच्या मनात राहतंच." यांच्या म्हणजे कुणाच्या, हे त्यानं सांगितलं नाही. मलाही विचारायची गरज नव्हती. आमच्या चौघांत गौतम एकटा बौद्ध वस्तीतला. इतक्या वर्षांत आमच्यात तो विषय कधी निघाला नाही याचा मला अभिमान होता. निघाला तो माझ्या एका दाण्यावरून, आणि मी चहा पीत बसलो.

शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात गेलो होतो. अंकुशनं मला जवळ बोलावलं. आवाज बसला होता. म्हणाला, "एक खरं सांग. गौतमच होता ना?"

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. मी म्हणालो, "सोड ना आता." पांघरूण नीट केलं त्याचं. त्यानं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. सोड ना आता — याचा अर्थ त्यानं काय घेतला, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तो तसाच घेईल म्हणूनच मी तसं बोललो होतो.

मौतीला गौतम आला. लांब रस्त्यावर उभा राहिला, चप्पल हातात घेऊन. त्याला कुणी पुढं बोलावलं नाही. ट्रॉफी किशोरनं वहिनींना नेऊन दिली. मेलेल्या माणसाला नियम कसला, म्हणाला. वहिनींनी ती फोटोजवळ ठेवली आहे. त्यानंतर फेरनिकाल झाला नाही. गोदामात आता खताची पोती असतात.

उरलेला सोयाबीनचा दाणा माझ्या सदऱ्याच्या खिशातच राहिला होता. तो धुण्यात फुगून टम्म झाला. बायकोनं विचारलं, हे काय? मी म्हणालो, दुकानात पडला असेल. तिनं खिडकीतून फेकून दिला.

गौतम मला अजून भेटतो. परवाच स्टेशन रस्त्याला भेटला. वाळलाय फार. हातात औषधांची पिशवी. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि निघताना त्यानं नेहमीसारखं विचारलं, "तुला तरी पटतं ना रे, मी सोयाबीनच टाकल्ती?"

"पटतं," मी म्हणालो. नेहमीसारखंच.

त्याचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "अख्ख्या जालन्यात तू एकटा हाय, ज्यानं माझ्यावर विश्वास ठेवला." मी त्याला रस्ता ओलांडून दिला, ऑटोत बसवलं, आणि घरी आलो.