बैलाच्या पोटातले साहेब

आमच्या तासगावकडे माणसापेक्षा शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस थाटात होतो. वडिलांच्या खिलार बैलाचा फ्लेक्स चौकात लागणार होता आणि त्यावरचं चित्र काढायला त्यांनी मला सांगितलं. वडील फौजेतून पेन्शनीत आलेले, गाव त्यांना मेजर म्हणतं. मी घरी बसून टॅबवर पुस्तकांसाठी चित्रं काढते, पैसे मिळवते. पण "लेक काय करती?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "मोबाईलवर कायतरी खेळत असती." मला ते फार लागायचं. म्हणून या बैलात मी जीव ओतला. शिंगांची लकाकी, वशिंडाची सावली, डोळ्यांतला माज, सगळं उतरलं. अंग पांढरंशुभ्र. मी शिकले कागदावर, जलरंगात. तिथं पांढरं हवं तर कागद कोरा सोडायचा. टॅबवरही मी तसंच केलं.

पहिली फाईल जेपीजी केली. बैलाभोवती पांढरा चौकोन आला. वडील बघून म्हणाले, "बैल काय फ्रीजमधी उभा केलाय?" मग तो चौकोन जावा म्हणून पीएनजी निवडलं, 'पारदर्शक'वर टिचकी मारली आणि फाईल फ्लेक्सवाल्याला धाडली. माझ्या फोनच्या पांढऱ्या पडद्यावर बैल झकास दिसत होता.

वाढदिवसाच्या सकाळी आई, वडील आणि मी चौकात गेलो, तर बैलाच्या पोटात साहेब. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. हात जोडून, दात दाखवत, अगदी ऐसपैस. मी जेवढं कोरं सोडलं होतं, तेवढं सगळं आरपार झालं होतं. फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"ताई, मधी जागा मोकळी दिसली. मला वाटलं फ्रेम हाय. साहेब बरोबर बसलं की."

बरोबर बसले होते, तेच तर दुखणं होतं. टोपी वशिंडाला टेकली होती. चौकातली माणसं पोट धरून हसत होती. तेवढ्यात साहेबांचा एक कार्यकर्ता लालबुंद होऊन आला.

"मेजर, साहेबांना बैलाच्या पोटात घालणारा शहाणा कोण?"

मी आईच्या मागं सरकले. 'पोरगी मोबाईलवर खेळत असती' म्हणायला वडिलांना याहून चांगला मोका मिळाला नसता. एवढं म्हटलं असतं, तर प्रकरण मिटलं असतं.

वडील परेडला उभे राहिल्यासारखे ताठ झाले. "माझ्या लेकीनं काढलाय. चित्रकार हाय ती. त्योच तिचा धंदा हाय."

"आवं, पण साहेब..."

"साहेबांना सांग, माझ्या बैलाच्या पोटात जागा गावली, लय झालं. फ्लेक्स उतरायचा न्हाई."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. कार्यकर्ता गेल्यावर वडील माझ्याजवळ आले, एकदा फ्लेक्सकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "पुढल्या वर्षी काढशील तवा तेवढा पोटात रंग भर."